सुकती असेपर्यंत

"बसा हो आजोबा," असं अंबाजीला सकाळपासून शिपायाने सांगितलं, सिस्टरने सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या जावयानेही सांगितलं. अंबाजी प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणाला आणि उभाच राहिला. त्याचं बूड मुळात कुठे टेकत नाही. पंचाहत्तरी उलटली तरी हा माणूस जेवायलासुद्धा उकिडवा बसतो, मध्येच उठावं लागलं तर वेळ जायला नको म्हणून. असा माणूस अलिबागच्या या इस्पितळात, जिथे करण्यासारखं काही नाही आणि ऐकण्यासारखं फार आहे, तिथे एका जागी काय बसणार? वॉर्डाच्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून दारापर्यंत त्याची येरझार चालली होती.

ऐकण्यासारखं होतं ते जनीचं ओरडणं.

जनी त्याची बायको. काल सकाळी घरामागच्या तळ्याच्या पायरीवर भांडी घासताना तिचा पाय शेवाळावरून सटकला आणि ती डाव्या कुशीवर पडली. त्यांच्या गावात घरामागे तळं असतंच, आणि तळ्यात जिताडे मासे पाळलेले असतात. पडल्यावर तिने आधी पाण्यात गेलेल्या पातेल्याची चौकशी केली, मग उठायला गेली, तर पाय तिचं ऐकेना. शेजारच्या सदाने आपली इको गाडी काढली, तिला गोधडीसकट मागे आडवं घातलं, आणि वाघखारेपासून अलिबागेपर्यंतच्या एकेका खड्ड्याला जनीने जो आवाज काढला तो अंबाजीने पन्नास वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. बाळंतपणात ती दात आवळून गप्प राहिलेली. खेकड्याने बोट फोडलं तेव्हा तिने खेकड्यालाच शिव्या दिल्या होत्या. अशी बाई आता अंगावरची चादर सरकली तरी किंचाळत होती, आणि दर वेळी अंबाजीचे पाय आपोआप जिन्याकडे वळत होते. पळून जायचं नव्हतं त्याला. पण तिथे उभं राहून करायचं काय, हेही त्याला कळत नव्हतं.

फोटो काढला तेव्हा खुब्याचं हाड मोडल्याचं दिसलं. ऑपरेशन करून आत सळी घालावी लागणार होती. पण जनी रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यायची. ती बंद करून मध्ये वेळ जाऊ द्यायला हवा होता, आणि हाडांचे मोठे डॉक्टर पनवेलहून येणार होते ते थेट अमावास्येला.

"सर्वपित्री अमावास्येला?" अंबाजीने विचारलं.

"हो, त्याच दिवशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

अंबाजीच्या मात्र पोटात एकदम दोन खड्डे पडले. पहिला सरळ होता. पितरांच्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही, आणि हे लोक बाईला कापायला निघाले. दुसरा खड्डा उधाणाचा. वाघखार खाडीच्या काठावरचं गाव. भातशेती आणि समुद्र यांच्यामध्ये एक मातीचा बांध, तेवढाच आधार. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खांडीतून खारं पाणी शेतात शिरलं की ह्या वर्षाचं भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन रुसून बसते. बांधावर लक्ष ठेवायचं काम गावाने अंबाजीकडे कधी सोपवलं हे कुणाला आठवत नाही. बहुतेक कुणी सोपवलंच नसेल, त्यानेच घेतलं असेल.

खांड पडली की ती बुजवायची सुकतीला, म्हणजे ओहोटी लागून पाणी मागे हटलं की. घरटी एक माणूस यायचं, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. पण पाणी हटलं, खांड कोरडी दिसायला लागली, की तरणी पोरं हमखास ढिली पडतात. कुणाला भूक लागते, कुणाला फोन येतो. मग अंबाजी बांधावर उभा राहून खेकसतो, "पानी गेलंय रं, खांड न्हाय गेली! सुकती हाय तवर भरून घ्या!" गावातल्या पोरांना हे वाक्य त्याच्या आवाजासकट पाठ आहे. लग्नाच्या हळदीत त्याची नक्कल होते. सगळ्यात चांगली नक्कल जनी करते, हे सांगायला हवं.

तर भात पोटरीला आलेलं, वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण उद्यावर आलेलं, आणि अंबाजी इथे फरशीवर चपला घासत होता. तो सदाला सारखा फोन लावी. "वरच्या वळणाला बघ. तिथं खेकड्यांनी भोकं पाडलीत. पोती भरून ठेव." सदा दर वेळी "व्हय काका" म्हणे. अंबाजी फोन ठेवी आणि बंडीचा खिसा चाचपून बघी.

खिशात रुमाल होता आणि रुमालाच्या गाठीत जनीची जोडवी. भरती करताना सिस्टरने अंगावरचं सगळं काढायला सांगितलं होतं. बांगड्या निघाल्या, गळ्यातलं निघालं, जोडवी काही निघेनात. शेवटी अंबाजीनेच साबण लावून एकेक करून ती ओढून काढली. बाईच्या पायातून जोडवी निघतात ती नवरा गेल्यावर. इथे नवरा जिवंत होता, पायाशी उभा होता आणि त्याच्याच हातात साबणाचा फेस होता. जनीला त्या वेळी कण्हण्यापलीकडे काही सुचत नव्हतं, पण अंबाजीच्या मनातून ते जाईना. खिशातला रुमाल त्याला सारखा टोचत होता.

दुपारी जेवणं व्हायच्या आत सिस्टर जनीचे कपडे बदलायला आली. पडदा ओढला. अंबाजी जिन्यापर्यंत पोचायच्या आतच ती किंकाळी आली. त्याने कठडा धरला. दुखण्यावरची इंजेक्शनं चालू होती, नाही असं नाही. पण त्यांनी दुखणं थोडं कमी आणि डोकं जास्त बधिर झालं होतं. सकाळी ती अंबाजीला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारत होती आणि गाई सोडल्या का विचारत होती. पाजलेलं पाणीही उलटून पडलं होतं.

"बाबा, मॅडम आल्यात, तुम्ही जरा इकडे या," सुजितने हाक मारली. सुजित त्यांचा मुलगा. उरणला बंदरात क्रेनवर असतो. रात्रपाळी टाकून आला होता आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होता.

मॅडम म्हणजे डॉक्टर अनुया, भूल देणाऱ्या. किहीमच्या वाडीवाल्यांची मुलगी, वय फार तर पस्तीस. ती खाटेशी स्टूल ओढून बसली, जनीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजी, रुपयाचे आणे किती?"

जनीने डोळे उघडले. "सोला."

"मग रुपयाभर दुखणं म्हणजे अगदी सहन न होणारं. तुमचं किती आण्यांचं आहे?"

"अठरा," जनी म्हणाली.

"रुपयात सोळाच असतात ना?"

"म्हायत हाय. अठरा."

सुजित हसला आणि मग त्याला हसल्याची लाज वाटली. अनुया हसली नाही. तिने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की जांघेत एक सुई देता येईल. मशीनवर बघून औषध सोडायचं, खुब्याकडून दुखण्याचा निरोप घेऊन जाणाऱ्या नसा तेवढ्या बधिर होतील. डोकं जागं राहील. म्हाताऱ्या माणसांना ही इंजेक्शनं देऊन देऊन गुंगवण्यापेक्षा ते बरं. "पण एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "हाड मोडलेलंच राहणार. नुसतं दुखायचं थांबेल, तेही उद्या सकाळपर्यंत. तोवर पाय अजिबात हलवायचा नाही, खाटेवरून उठवायचं नाही."

"पाय कायमचा लुळा पडला तर?" अंबाजीने विचारलं.

"तसं क्वचितच होतं. मी बघून देते, नस टाळून देते. आजी तयार आहेत का विचारू या."

विचारायला गेले तर जनी म्हणाली, "दगड मारून घालवा, पन घालवा."

अंबाजीला पडद्याबाहेर थांबवलं. तो थांबला नाही, जिन्याशी गेला, परत आला, पुन्हा गेला. आत मशीनचा बारीक टींटीं आवाज येत होता. जनी एकदा "थंड हाय गो" म्हणाली, एकदा "आई गं" म्हणाली, ते मात्र साध्या आवाजात. मग पडदा सरकला, अनुया हातमोजे काढत बाहेर आली आणि म्हणाली, "अर्धा तास जाऊ द्या."

तो अर्धा तास अंबाजीने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. त्याने सदाला फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. खाली जाऊन चहा घेतला आणि न पिता ठेवून आला. वर आला तेव्हा वॉर्डात एकदम शांत होतं. शांतता म्हणजे काय असू शकतं, एवढं पंचाहत्तरीच्या माणसाला कळतं. तो खाटेकडे जवळजवळ धावला.

जनी उशाला टेकून सुजितच्या हातून भातपेज पीत होती.

"कुठं फिरता?" ती म्हणाली. "मीठ न्हाय यात. पलीकडच्या बाईकडं लोनचं हाय का बघा."

अंबाजीने लोणचं आणलं. त्या क्षणी तिने आकाशातला चंद्र मागितला असता तर तो जिना उतरून तोही शोधायला निघाला असता. अनुया पुन्हा येऊन गेली. "किती आणे, आजी?" "दोन," जनी म्हणाली, आणि मग विचार करून, "दीड." तिचं डोकंही निवळलं होतं. मेलेला भाऊ मेलेल्यांत परत गेला, आणि अंबाजी अंबाजी झाला.

आनंदाने माणूस गप्प बसेल असं वाटतं. अंबाजीचं उलटंच झालं. दुखणं होतं तोवर त्याचे नुसते पाय धावत होते, आता डोकं धावायला लागलं. अठरा आण्यांतले साडेसोळा गेले. एका सुईत गेले. आता उरलंच किती? आणि त्या दीड आण्यासाठी उद्या ऐन अमावास्येला तिला आत नेणार, उघडी करणार, सळी ठोकणार. टेबलावरच काही बरंवाईट झालं तर? त्याला रुमालातली जोडवी आठवली. ती परत घालायला पायच उरला नाही तर? हाडाचं काय, गावात किती जणांची हाडं मोडली, पाल्याचा लेप लावून पडून राहिली आणि जमेल तशी जमली. निदान पंधरवडा तरी टळू दे. घट बसू देत. दसरा झाला की बघू. अनुयाने "हाड मोडलेलंच राहणार" म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी त्याचा एक कान पडद्याआड होता आणि दुसऱ्या कानात अजून ती सकाळची किंकाळी होती. किंकाळी थांबली म्हणजे थांबली. त्यापुढे डॉक्टरचं बोलणं ते काय?

संध्याकाळकडे सुजित रक्ताची सोय करायला गेला. त्याच्या पाळीतली दोन पोरं रक्त द्यायला यायची होती. तो जिना उतरला, आणि अंबाजीने सदाला फोन लावला.

"गाडी घेऊन ये."

"काकी बरी झाली?"

"दुखतच न्हाय तिला. मागं गादी टाक. आनी बांधावर कोन हाय?"

"हायत चौघं," सदा म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "सुजितला म्हायत हाय ना?"

"तू ये."

सदा येईपर्यंत अंबाजीने जनीला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. घरी जायचं म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. तिला स्वतःच्या पायरीची, तळ्याची, कोंबड्यांची ओढ लागलेलीच होती. "मोठा जिताडा ह्या दसऱ्याला काढायचा," ती म्हणाली. "सुजितच्या बायकोला डोक्याचा तुकडा आवडतो. मागल्या टायमाला तुमीच खाल्लात." अंबाजीने हो म्हटलं. तिने त्या क्षणी काहीही सुनावलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

सदा आला आणि खाटेच्या कडेला कसनुसा उभा राहिला. सिस्टर दुसऱ्या टोकाच्या पेशंटकडे गुंतलेली. अंबाजीने बंडीतून रुमाल काढून गाठ सोडली.

"थांब," तो सदाला म्हणाला. "आधी जोडवी घालतो. गावात काय बोडक्या पायांनी नेऊ हिला?"

उजव्या पायात जोडवं सहज गेलं. काल साबण लागला होता, आज बोटं सुकलेली होती. मग तो डाव्या पायाकडे वळला. डाव्या पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते त्याने विचारलं नव्हतं. त्याने एक पिशवी उचलून खाली ठेवली, मग दुसरी.

पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं. करंगळी गादीला टेकली.

अंबाजीने ते हलकेच धरून सरळ केलं आणि जोडवं बोटाशी नेलं. हात सुटताच पाऊल पुन्हा कलंडलं. त्याने पुन्हा सरळ केलं. पुन्हा तसंच. दोरी तुटलेल्या दाराच्या झापासारखं ते आपल्या वजनानेच पडत होतं, त्याला वरून कुणी धरलेलंच नव्हतं. त्याने चादर थोडी वर केली आणि दोन्ही टाचा शेजारी शेजारी बघितल्या. डावी टाच उजवीपेक्षा चांगली दोन-तीन बोटं वर राहिली होती. अख्खा पाय आखडून आत गेला होता.

आणि जनी बोलतच होती. "...आनी कोकमं घालायची ती घरची, बाजारची नको..." सकाळी नुसत्या चादरीला किंचाळणारी बाई, आणि आता तो तिचा मुळापासून सुटलेला पाय हातात घेऊन इकडून तिकडे वळवत होता आणि तिला पत्ताही नव्हता. आत ते मोडकं हाड कुठे कुठे टोचत असेल? आणि हे असं त्या इकोत घालून, त्याच रस्त्याने, त्याच खड्ड्यांतून आपण नेणार होतो? रात्रीत, नाहीतर उद्या सकाळी, सुईचं औषध उतरलं असतं. वाघखारेत. तिथे ना अनुया, ना मशीन. नुसती जनी आणि तिची किंकाळी, आणि जिना नसलेलं घर.

"काका, गाडी दारातच लावलीय," सदा कुजबुजला. "उचलू?"

"हात लावू नको!" अंबाजी एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली.

जनी बोलायची थांबली. "काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? खांड बघितल्यावानी तोंड झालंय तुमचं." तिने मान उचलून पायाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. एक पाय आढ्याकडे बोटं करून, जोडवं घालून उभा होता. दुसरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "माझाच हाय का गो तो?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने हाताने मांडी चाचपली, चिमटा काढून बघितला आणि मान मागे टाकली.

अंबाजी जोडवं मुठीत धरून उभा होता.

"सुकती हाय ही," जनी आढ्याकडे बघत म्हणाली.

"आँ?"

जनीने गळा साफ केला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी, हळदीत काढते तशी, नवऱ्याची हुबेहूब नक्कल काढली. "पानी गेलंय रं, खांड न्हाय गेली!" सदाला हसू आवरेना. पण जनी हसत नव्हती, तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांत जात होतं. "दर साली पोरांवर वरडता. आनी घरची खांड तेवढी दसऱ्यापर्यंत उघडी ठेवता व्हय?"

"पितरांचा पंधरवडा हाय, जने."

"पितर कोन? तुमचेच आय-बा ना? ते काय मला वळखत न्हाईत? उद्या बांध फुटला तर पंधरवडा हाय म्हनून घरी बसाल?"

अंबाजीने मुठीतलं जोडवं परत रुमालात ठेवलं.

"मला काय भ्या वाटत न्हाय असं न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "लई वाटतं. पन सकालचं ते पुन्हा आलं तर मी न्हाय राहायची. आता दुखत न्हाय तवर काय ते भरून घेऊ दे त्यांना. मला घरी चालत जायाचंय."

अंबाजीने स्टूल ओढलं आणि तो बसला. आल्यापासून पहिल्यांदाच बसला. सदाने न सांगता वाळूच्या दोन्ही पिशव्या उचलून पावलाच्या बाजूंना नीट लावल्या. बांधावर पोती लावणारा हात होता तो, त्याला ते काम दाखवावं लागलं नाही.

सिस्टर धावत आली, मागून अनुया. खाटेची बाजू खाली पाडलेली, एका पायात जोडवं, शेजारी गाडीची चावी घेऊन उभा असलेला माणूस. अनुयाला सांगावं लागलं नाही. ती चिडली, आणि चांगली चिडली. "मी काय सांगितलं होतं? दुखत नाही म्हणूनच जास्त जपायचं असतं! दुखलं असतं तर तुम्ही हात तरी लावला असतात का?" तिने पाऊल तपासलं, बोटं हलवायला लावली, घोट्याची नाडी बघितली. अंबाजी शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून ऐकत होता. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं. उद्याचं उद्याच करा. पुढं ढकलू नका." आणि जनीच्या उजव्या पायातलं जोडवं त्याने स्वतःच परत काढलं.

अमावास्येला भर दुपारी जनीला आत नेलं. सकाळी सुईचा असर उतरला होता आणि तेरा आण्यांपर्यंत दुखणं वर चढलं होतं, पण अनुयाने नेण्याआधी पुन्हा औषध सोडलं. स्ट्रेचरवरून जाताना जनी पंख्याकडे बघत होती. अंबाजीकडे बघून तिने एवढंच विचारलं, "उधाण कवा हाय?"

"आताच. चढतंय."

"मग बसून ऱ्हा," ती म्हणाली, आणि दार लागलं.

तो बसला नाही, अर्थातच. पण जिन्यापर्यंतही गेला नाही. दारासमोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खिशात फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. सदा असणार, दुसरं कोण. वाघखारेत आत्ता पाणी बांधाच्या डोक्याला लागलं असेल, वरच्या वळणावर पोती चालू असतील. आयुष्यात पहिल्यांदा अंबाजीला ते ऐकायचं नव्हतं. त्याची नजर दारावरच्या लाल दिव्यावर होती आणि हात रुमालावर. सुजितने शेवटी त्याच्या खिशातून फोन काढून घेतला आणि खिडकीशी जाऊन बोलला.

"बाबा, खांड पडली. छोटी आहे, वरच्या वळणाला."

अंबाजीने मान हलवली.

"सदा म्हणतो सुकती लागली की भरून घेतो, सगळे जमलेत. आणि म्हणतो, काका वरडायला नाहीत म्हणून यंदा मीच वरडलो."

अंबाजीच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि अर्ध्यात मोडलं. सुजितने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. दोघंही मग बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. दिवा विझला तेव्हा पनवेलचे डॉक्टर बाहेर आले, "छान झालं, सळी बसली," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. वाघखारेत त्या वेळी पाणी उतरायला लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम घेणारी मुलगी लोखंडी वॉकर घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, उभं राहायचं." अंबाजीला वाटलं ही चेष्टा करते. अनुया पलीकडे उभी होती, तिने मानेनेच "होऊ द्या" म्हटलं. सुईचा असर एव्हाना पूर्ण ओसरला होता. जनीला दोघींनी खाटेच्या कडेला आणलं, पाय खाली सोडले, आणि ती वॉकर धरून उठली.

"आई गं! मेले मी!" ती ओरडली. "सोडा मला! दुखतंय!"

"किती आणे, आजी?"

"सात! न्हाय, आठ! रुपया घाला चुलीत तुमचा!"

पण ती उभी होती. टाचा खाली टेकल्या होत्या, दोन्ही सारख्या. दोन्ही पावलं पुढे बघत होती.

अंबाजी तिच्या पुढ्यात खाली वाकला. वाकून काम भागेना म्हणून बसला, तर उकिडवं बसून हात पोचेना, म्हणून शेवटी त्याने त्या फरशीवर चक्क मांडी घातली. रुमाल सोडला. उजव्या बोटात जोडवं घातलं. मग डाव्या पावलाखाली हात दिला, भीत भीत, आणि दुसरं बोटात सरकवलं. हात काढला. पाऊल तिथेच राहिलं.

"हळू की वो!" जनी वरून कळवळली. "दुखतंय मला!"

"दुखू दे," अंबाजी म्हणाला. "दुखू दे, जने. पाय जाग्यावर आलाय तुझा."

आणि त्याला रडू आलं, तिथेच, सगळ्या वॉर्डादेखत, तिची पावलं दोन्ही हातांनी धरून. जनीने वॉकरवरचा एक हात सोडायला बघितला, त्याच्या डोक्यावर ठेवायला. व्यायामवाली मुलगी ओरडली, "आजी, हात सोडायचा नाही!" मग जनीने हात जिथल्या तिथे ठेवला आणि तोंडाने म्हणाली, "उठा आता. मला पाऊल टाकायचंय, वाट सोडा."